कारवानला माळ हवा, ससा नको

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. इसवी सन ९५० च्या सुमारास तिथं एक शिळा उभारली गेली. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा साथीदार गंग राजा बुतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं, चोळ राजपुत्र राजादित्य रणात पडला, ही मोठी हकिगत तिच्यावरच्या कन्नड लेखात आहे. शिळा मात्र उभी राहिली ती एका कुत्र्यासाठी. या लढाईत मर्दुमकी गाजवलेल्या मणलेर नावाच्या वीरानं बक्षीस म्हणून बुतुगाकडे त्याचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे हा कुत्रा एका दांडग्या रानडुकरावर सोडला, आणि झुंजीत दोघंही मेले. मणलेरानं त्याची आठवण दगडात कोरली आणि त्या दगडाच्या पूजेअर्चेसाठी जमीन लावून दिली. कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले त्या शिळेवर आजही दिसतात. दख्खनमधल्या माणसाचं कुत्र्यावरचं प्रेम किती जुनं आणि किती खरं आहे, याचा एवढा ठसठशीत पुरावा दुसरा नसेल. आणि ज्यानं एवढं प्रेम केलं त्यानंच त्या कुत्र्याला डुकराच्या सुळ्यांसमोर सोडलं होतं, हेही त्याच दगडावर आहे. कुत्र्यावरचं प्रेम आणि शिकारीची हौस यांची गाठ आपल्याकडे तेव्हापासून बसलेली आहे. ती आता सोडवायला हवी. ती सोडवल्याशिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा म्हणावा असा कारवान कुत्रा टिकणार नाही, आणि ज्या माळावर तो घडला तो माळही नीट राहणार नाही.

सांगली, सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटात कारवान ओळखीचा आहे. कुणी त्याला कारवानी म्हणतं. कानाशेपटीला रेशमी झुपके असलेला असेल तर तो पश्मी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या कुत्र्यांपासून ही जात झाली, असं सांगितलं जातं आणि नावही तेच सुचवतं. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा वाण जोपासला, त्यातले कुत्रे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला नजर केले आणि तिथून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगभर गेलं. म्हणून एकाच कुत्र्याची दोन नावं झाली. देशातली एक श्वानसंस्था त्याला कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदते, दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. पण शिकारी कुत्र्यांचा शौक घोरपड्यांच्या आधीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचा आणि कुत्र्यांचा वेगळा विचार आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हा शौक आपल्याच मातीत मुरलेला आहे, तो साहेबानं शिकवला असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

शिकारी कुत्रे सगळे सारखे नसतात, आणि पुढचा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे. काही कुत्रे नाकानं शिकार करतात. बीगल, ब्लडहाउंड, फॉक्सहाउंड हे जमिनीला नाक लावून तासन्‌तास माग काढतात. टेरियर आणि डाक्सहुंड बिळात शिरण्यासाठी घडवलेले. डाक्सहुंड या जर्मन नावातच बिज्जू जातीच्या प्राण्याचा उल्लेख आहे. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचं काम बंदुकीनं पाडलेला पक्षी पाण्यातून अलगद उचलून आणण्याचं. कारवान यांपैकी कशातच बसत नाही. तो डोळ्यांचा कुत्रा आहे. निमुळतं लांब डोकं आणि बाजूला सरकलेले डोळे, त्यामुळे त्याला माणसापेक्षा कितीतरी रुंद टापू एका वेळी दिसतो. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, शेपूट वळणावर तोल सांभाळायला. पूर्ण वेगात असताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा आवळलेलं असताना. अशा कुत्र्याला मालकाच्या हुकुमाची वाट बघून चालत नाही. लांबवर काही हललं की क्षणात ठरवायचं आणि सुटायचं, हीच त्याची शेकडो पिढ्यांची निवड. म्हणून तो हट्टी वाटतो, हाक मारली तर ऐकत नाही अशी त्याची तक्रार होते. तो बुद्धीनं कमी नाही. त्याला स्वतःच्या अकलेनं वागायलाच घडवलं आहे.

माळावरच्या सशाला बीळ नसतं. आपला काळ्या मानेचा ससा जमीन उकरून घर करत नाही. गवताच्या बुंध्याशी अंगाच्या मापाची खळगी करून त्यात कान पाठीला चिकटवून बसतो. माणूस दोन हातांवर येईपर्यंत तो हलत नाही. उठला की मात्र सरळ पळत नाही, हुलकावण्या देतो. कुत्रा वेगानं जास्त, ससा वळणात पटाईत. एकटा कुत्रा वळणावर लांब फेकला जातो, म्हणून जोडी सोडतात. एकानं पाठ धरायची, दुसऱ्यानं वळण कापायचं. सगळा प्रकार एक-दोन मिनिटांत उरकतो. संपतो तेव्हा ससा मेलेला असतो आणि कुत्र्याच्या जिभेवर फेस असतो. ३८-३९ अंशांवर असणारं त्याच्या अंगाचं तापमान अशा धावेनंतर ४१ च्या पुढे जातं. घामानं अंग थंड करण्याची सोय त्याला नाही, जो काही निचरा व्हायचा तो धापा टाकून. चैत्र-वैशाखात अशा धावेनंतर कुत्रा कोसळू शकतो. काटेरी कुंपण, उघडी विहीर, नांगरटीतली ढेकळं या सगळ्यांतून तो सुसाट जातो, कारण त्याचे डोळे एकाच ठिकाणी खिळलेले असतात. शिकारीचं कौतुक सांगताना सशाचा शेवट आणि कुत्र्याची ही अवस्था दोन्ही गाळली जातात.

कायद्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. बंदूक नाही, फासा नाही, कुत्राच तर सोडला, आणि ससा निसटला तर शिकार झालीच कुठे, असं बिनधास्त बोललं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या अशी ढिली नाही. ठार मारणं आणि विष घालणं तर शिकार आहेच. पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं, आणि कोर्सिंग म्हणजे नजरेसमोरच्या जनावरामागे कुत्रे लावून केलेला पाठलाग, हे सारं शिकार या शब्दातच येतं. या प्रत्येकाचा प्रयत्न हीदेखील शिकारच. ससा निसटला तरी गुन्हा घडून गेलेला असतो. सुरुवातीला या कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. त्यानंतर हौसेसाठी शिकार या देशात कायद्यानं शिल्लकच नाही. काळवीट, चिंकारा आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. माळावर सोडलेली कारवानांची जोडी समोर ससा उठतो की चिंकाऱ्याचं पाडस, हे बघून पळत नाही. सोडणाऱ्यालाही ते आधी ठाऊक नसतं. तरीही सुगी संपली, रानं मोकळी झाली की ठिकठिकाणी जोड्या बाहेर पडतात, मोटारसायकली मागून पळतात, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतं. ससा हातात धरून काढलेले फोटो मिरवले जातात. यातल्या बहुतेकांना त्या सशाच्या मांसाची गरज नसते. आपला कुत्रा किती तिखट आहे हे चारचौघांत सिद्ध करायचं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: ससा काही दुर्मीळ नाही, मग एवढा गहजब कशासाठी? ससा आजही बऱ्याच ठिकाणी दिसतो हे खरं. पण माळावरचा ससा हा एकट्याचा हिशेब नसतो. लांडगा, खोकड, कोल्हा, रानमांजर, गरुड आणि मोठी घुबडं, या सगळ्यांच्या पोटाशी तो बांधलेला आहे. माळरानाचा हिशेब तर आपण आधीच तोट्यात नेलेला आहे. सरकारी कागदावर गवताळ माळ ‘पडीक’ ठरतो. मग कुठे त्यावर झाडं लावली जातात, कुठे कारखाने, कुठे सौर प्रकल्प, कुठे नांगर. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी राखलं गेलं, आणि तिथून माळढोकच जवळपास नाहीसा झाला. कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट, सुप्याजवळच्या मयूरेश्वरमध्ये चिंकारा आहेत; ही अभयारण्यं शेती आणि वस्त्यांच्या मध्ये सापडलेले छोटे तुकडे आहेत. या तुकड्यांमध्ये कुत्र्याचं नुसतं असणंही जड जातं. नान्नज परिसरातल्या खोकडांवर अबी वनक यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा खोकड टाळतो. भक्ष्य समोर असलं तरी त्याला तिथं जाता येत नाही. देशभरातून गोळा केलेल्या नोंदींवर आधारलेल्या आणखी एका अभ्यासात कुत्र्यांनी ८० वन्य प्रजातींवर हल्ले केल्याचं आढळलं. त्यांपैकी ३१ धोक्यातल्या यादीतल्या होत्या. हे बहुतेक गावातले मोकाट किंवा राखणीचे साधे कुत्रे. पळण्यासाठीच घडवलेली जोडी मुद्दाम त्याच माळावर नेऊन सोडली तर काय होत असेल, याचा अंदाज बांधायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. त्यातच कुत्र्यांचे रोग, विशेषतः डिस्टेंपर, लांडग्या-खोकडांत जाण्याचा धोका आहे. लस न टोचलेला शिकारी कुत्रा हा रोग घेऊन थेट त्यांच्या घरात शिरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो कारवानवर खरं प्रेम करणारी माणसं घेतात. त्यांचं म्हणणं असं की शिकार बंद म्हणजे जात बंद. कामावर पारखून निवडलेलं जनावरच जातिवंत राहतं. दारात बांधून ठेवलेला कारवान दोन-चार पिढ्यांत नुसता सांगाडा उरेल. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. नुसत्या दिसण्यावर निवडलेल्या कुत्र्यांचं काय होतं ते जगानं पाहिलं आहे: श्वास न घेता येणारी चपटी नाकं, चालता न येणारे मागचे पाय. काम न मिळालेला कारवान साखळीला बांधला की स्वतःची कातडी चाटून सोलतो, कुंपण ओलांडून पळतो, कोंबड्या-शेळ्यांच्या मागे लागतो. त्याला काम हवं, यात वाद नाही. पण ते काम शिकारच असायला हवं, हा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही. लॅब्रेडॉरचं मूळ काम पाण्यातून पक्षी उचलण्याचं. आज तो अंधांना रस्ता दाखवतो, स्फोटकं शोधतो. सशाच्या मागावर राहणारा बीगल अमेरिकेच्या विमानतळांवर १९८४ पासून प्रवाशांच्या सामानातली बंदी असलेली फळं आणि मांस हुंगून काढतो. या जाती शिकार सुटल्यावर वाढल्या, कारण त्यांच्या अंगच्या गुणाला कुणीतरी दुसरं काम शोधून दिलं.

ही उदाहरणं नाकाच्या कुत्र्यांची आहेत, डोळ्यांच्या कुत्र्याला ती लागू नाहीत, असं यावर म्हणता येईल. म्हणून आपल्याकडचेच दाखले पाहू. धावपट्टीवरच्या पक्ष्यांमुळे विमानांना धोका असतो. ते हुसकावण्यासाठी भारतीय हवाई दलानं मुधोळ कुत्रे घेतले. लांबवर हललेलं टिपायचं आणि त्याच्या दिशेनं सुटायचं, हा त्यांचा जन्मजात गुण. इथं मारायचं काहीच नाही, पक्षी उडून गेला की काम झालं. लष्कराच्या मेरठ केंद्रानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली. सीमा सुरक्षा दलाची रिया ही मुधोळ जातीची कुत्री २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्याच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली, आणि मेळाव्यातला सर्वोत्तम कुत्रा हा मानही तिनंच मिळवला. विदेशी जातींच्या मक्तेदारीच्या कामात, तेही नाकाच्या कामात, डोळ्यांचा म्हणून ओळखला जाणारा आपला कुत्रा पहिला आला. म्हणजे या जातीची कुवत आपणच सशापुरती छाटून टाकली होती.

आणि शिकारीमुळे जात जपली जाते हे तरी खरं आहे का? स्पेनकडे बघा. तिथला गाल्गो हा कारवानचा लांबचा भाऊ शोभेल असा, सशामागे धावणारा कुत्रा. तिथं अशी शिकार आजही कायदेशीर आहे, शिकारी संघटना ताकदवान आहेत, परंपरेचा अभिमानही कडवा आहे. दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी हंगाम संपला की हळू पडलेले, म्हातारे झालेले किंवा नीट न पळणारे गाल्गो मोठ्या संख्येनं रस्त्यावर सोडले जातात, आणि प्राणिसेवी संस्थांचे निवारे त्यांनी भरून वाहतात. २०२३ मध्ये स्पेननं प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला, तेव्हा शिकारी कुत्र्यांना त्यातून वगळण्यात आलं. जिथं कुत्र्याची किंमत त्यानं धरलेल्या सशांवर ठरते, तिथं न धरणाऱ्या कुत्र्याला किंमत उरत नाही. आपल्याकडे वेगळं काय घडतं? जास्त वेग हवा म्हणून कारवानमध्ये ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं गेलं ते शिकारीच्या आणि पैजांच्या नादानंच. ज्या वाणाच्या शुद्धतेची आण घेतली जाते, त्यात भेसळ करणारे हात शिकारविरोधकांचे नव्हते.

शेतकऱ्याचा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो ऐकून घ्यायला हवा. रानडुकरं एका रात्रीत मक्याचं, भुईमुगाचं रान उलथून टाकतात. नुकसानभरपाईचे कागद फिरत राहतात, आणि हंगाम हातचा जातो. अशा माणसाला वन्यजीवांवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. उभं पीक आणि माणसाचा जीव वाचवण्यासाठी परवानगी घेऊन ठरावीक प्राणी मारण्याचा मार्ग कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. तो मार्ग सोपा व्हावा, भरपाई वेळेत मिळावी, ही मागणी रास्त आहे. पण कुत्र्यांची टोळी डुकरावर घालणं हा त्याचा उपाय नव्हे. आतकूरच्या शिळेवर काळीचं जे झालं तेच आजच्या कुत्र्याचं होतं: सुळ्यानं पोट फाटतं. त्यात कारवान तर सशासाठी घडवलेला, कातडीनं पातळ, हाडानं हलका. आणि पळवलेलं डुक्कर मरत नाही, शेजारच्या उसात जातं. बांधावर राखण करून भुंकणारा कुत्रा ही निराळी गोष्ट आहे. त्याला कुणीही हरकत घेऊ नये. धनगराच्या कळपाबरोबरचा कुत्राही शतकानुशतकं लांडग्याला अंगावर न घेता दूर ठेवत आला आहे. परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी कळप राखणाऱ्या या कुत्र्याची परंपराही मोजावी. सह्याद्रीतल्या काही गावांत वर्षातून एकदा गाव मिळून पारध करण्याची रीत होती, तीही परंपराच. पण तेव्हाचं रान आता राहिलेलं नाही. रान नाही आणि रीत मात्र तीच, ही जुळणी चालत नाही.

आता पारधी समाजाबद्दल. कुत्र्यांच्या शिकारीवर लिहिताना हा मुद्दा टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, डाग गेला नाही. ससा-तितर धरून पोट भरणारा पारधी पकडला जातो, कोठडीत जातो. जीप घेऊन जोड्या सोडायला आलेला हौशी माणूस ओळखी काढून सुटतो. ही विषमता आहे, आणि ती सांगून शिकारीचं समर्थन करणारे लोक बहुधा स्वतः दुसऱ्या गटातले असतात. गरिबाच्या भुकेआड आपली हौस लपवण्याचा हा प्रकार मनापासून संताप आणतो. पारध्यांना शिकारीची मुभा देऊन त्यांचं भलं होणार नाही. त्यांच्याकडे रानाची जी विद्या आहे तिला मोल दिल्यानं होईल. अकोला-वाशिमच्या भागात ‘संवेदना’ या संस्थेनं फासेपारध्यांबरोबर गवताळ रानं राखण्याचं काम केलं आहे. मध्य प्रदेशात पन्ना इथं पारधी पर्यटकांना पायी जंगल दाखवतात. पावलांचा ठसा कधीचा, गवत कुणी दाबलं, तितर कुठल्या अंगाला बोलला, हे ज्यांना शाळेत न जाता कळतं त्या माणसांना वन विभागानं माग काढणारे म्हणून कायमची नोकरी का देऊ नये? शिकारी पकडणाऱ्या श्वानपथकांबरोबर अशी माणसं जोडली तर काय साधेल याचा विचार व्हावा. वन्यजीव गुन्हे शोधण्यासाठी २००८ पासून देशात कुत्र्यांना खास प्रशिक्षण दिलं जातं आहे. वाघाची कातडी, हाडं, मांस हे कुत्रे हुंगून काढतात. शिकारीचा कुत्रा शिकाऱ्यामागे लावणं शक्य आहे, हे यातून दिसलंच आहे.

ब्रिटनचा अनुभवही इथं उपयोगी पडतो, तो सावध होण्यासाठी. घोड्यावर बसून फॉक्सहाउंडांच्या टोळीनिशी खोकडामागे धावण्याचा तिथला खेळ साम्राज्याबरोबर उटीच्या माळांवरही आला होता. तिथं इंग्लंडसारखे खोकड मिळेनात म्हणून कोल्ह्यांमागे कुत्रे लावले गेले. खुद्द इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानं हा खेळ बंद झाला, स्कॉटलंडमध्ये त्याआधी २००२ मध्ये. बंदी आली तर ग्रामीण जीवन कोसळेल, हे भाकीत खोटं ठरलं. पण कायद्यात पळवाट राहिली. आधी टाकून ठेवलेल्या वासाचा माग घेत असल्याचं दाखवायचं, आणि कुत्र्यांनी वाटेत खरा खोकड गाठला तर तो अपघात म्हणायचा. स्कॉटलंडनं २०२३ मध्ये आपला कायदा पुन्हा कडक केला. आपण कारवानला शिकारीऐवजी जे काम देऊ त्यात अशी फट ठेवता कामा नये.

असं काम उपलब्ध आहे. दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी किंवा फडकं, जमिनीलगत बसवलेल्या कप्प्यांवरून यंत्रानं वेगानं ओढायचं, मध्ये सशासारखी वळणं ठेवायची, आणि कुत्रा त्याच्यामागे सोडायचा. हलणारं फडकं दिसलं की कारवान त्याच तन्मयतेनं धावतो. त्याला सशाचा वास लागत नाही, हालचाल लागते. वेग, वळण घेण्याची ताकद, दम, पायांची मजबुती, धाव संपल्यावर मालकाकडे परत येण्याची वृत्ती, हे सगळं अशा धावेत पारखता येतं, तेही मोजून आणि लिहून. शिकारीत ते तोंडी कौतुकावर चालतं. जमीन कुंपणातली असावी, धाव थोड्या अंतराची आणि पहाटेची असावी, पशुवैद्य हजर असावा. पैज मात्र एक रुपयाचीही नसावी. पैशाची शर्यत सुरू झाली की ग्रेहाउंडचं झालं ते कारवानचं होईल: हजारोंनी पैदास, हरले की टाकून द्या. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशानं २०१८ मध्ये अशा शर्यती बंद केल्या, न्यूझीलंडनं २०२४ मध्ये त्या संपवण्याची घोषणा केली, ती या अनुभवातूनच.

हे कुणी करायचं? कर्नाटकानं मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाच्या अखत्यारीत श्वान संशोधन केंद्र काढलं, पिल्लं गावकऱ्यांना पाळायला दिली, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोत राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्या बरोबरीनं मुधोळ हाउंड ही जात नोंदवली गेली. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं, २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून देशी कुत्र्यांची नावं घेतली आणि मागणी एकदम वाढली. मागणी वाढली की बोगस पिल्लंही वाढतात. सीमेच्या अलीकडचा कारवान रक्तानं तोच आहे, पण त्याची वंशावळ आजही बहुतेक पाळणाऱ्यांच्या आठवणीत आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं उदगीरला, परभणीला, शिरवळला आहेत, म्हणजे नेमकी कारवानच्या मुलखात किंवा त्याच्या उंबरठ्यावर. गावोगावच्या चांगल्या कुत्र्यांची नोंद, रक्ताचे नमुने, जवळच्या नात्यात पैदास टाळण्याचा सल्ला, स्वस्तात लस, आणि वर्षातून एकदा सोलापूर-लातूरच्या एखाद्या मोकळ्या झालेल्या रानात फडक्यामागच्या धावेची परीक्षा, एवढं काम या महाविद्यालयांना हाती घेता येईल. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत हौसेनं कारवान नेणाऱ्यांनाही तिथं स्पष्ट सांगता येईल की रोज मोकळं पळायला जागा नसेल तर हा कुत्रा घेऊ नका. ज्या पाळणाऱ्याचा कुत्रा त्या परीक्षेत उतरला त्याच्या पिल्लांना दाखला मिळावा आणि चांगला भाव मिळावा. ज्याच्यावर शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला त्याच्या कुत्र्यांना तो दाखला कधीच मिळू नये, मग कुत्रा कितीही देखणा असो.